‘माले येस!’ : लहान पोरांसाठी चित्रपुस्तकं कशी निवडायची, कशी वाचायची

दुकानात चित्रपुस्तक हातात घेतलं की आधी मागून उघडा आणि शेवटची चार पानं बघा. गोष्टीत काहीतरी अडचण आलेली असते. दूध सांडलेलं असतं, चप्पल सापडत नसते, अंगणवाडीत जायची भीती वाटत असते. ती शेवटी सोडवली कोणी? पोराने स्वतः, की आईने, बाईंनी, परीने? पोराने सोडवली असेल तर पुस्तक पिशवीत टाका. दुसऱ्या कुणी सोडवली असेल तर पुस्तक वाईट आहे असं नाही. झोपताना वाचायला ते झकास असेल, पण आपल्याला आज ज्या कामासाठी पुस्तक हवंय त्या कामाचं ते नाही.

काम असं आहे : दोन ते सहा वर्षांच्या पोराला आतून वाटायला हवं की हे मला येतं (अहिराणीत ‘माले येस’), आणि नाही आलं तर आणखी एकदा करून बघता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या घरांत शाळेच्या पुस्तकापलीकडे पुस्तक कधी आलेलं नाही, तिथल्या आईवडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि अंगणवाडीच्या ताईंसाठी हे लिहितेय. वाचता येत नसलं तरी यातलं बरंचसं करता येतं, त्याबद्दल पुढे आहेच.

पुस्तकाकडून अपेक्षा किती ठेवायची

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की ‘मला जमेल’ हा भरवसा माणसात चार वाटांनी येतो. सगळ्यांत पक्की वाट म्हणजे काम स्वतः करून पाहिलं आणि जमलं. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहिलं. तिसरी, विश्वासातल्या माणसाने ‘तुला जमेल’ म्हटलं. आणि चौथी वाट शरीराची : त्या वेळी छातीत धडधड होती की जीव निवांत होता.

चित्रपुस्तक दुसऱ्या वाटेवर येतं. चित्रातली पोर आपल्याएवढीच आहे, तिच्याही हातून सांडतं, तीही परत भरते. आजीच्या मांडीवर बसून ऐकलं की चौथ्या वाटेचंही थोडं काम होतं. पहिली वाट मात्र पुस्तकात नाही. ती नळावर, ओट्यावर, गोठ्यात आहे. म्हणून पुस्तकं डझनभर आणली आणि पोराच्या हातात चमचाही दिला नाही, तर पुस्तकांचे पैसे वाया गेले समजा. या लेखात सगळ्यांत जास्त जागा पुस्तक मिटल्यानंतरच्या गोष्टींना दिलीय ती त्यासाठीच.

पहिली पायरी : निवड

शेवटची चार पानं बघून झाली की मधली पानं बघा. चूक किती पानं टिकते? बऱ्याच पुस्तकांत पोरगं पडतं आणि पान उलटताच उभं राहून हसायला लागतं. खऱ्या पोराला असं घाईने सावरता येत नाही. चुकायला, रडायला, रागवायला, ‘मी नाही करणार जा’ म्हणून बसून राहायला दोन-तीन पानं दिलेली असतील तर लेखकाने पोरं जवळून पाहिली आहेत.

मग हात बघा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चित्रात मूल बटण लावतंय असं लिहिलेलं असतं, पण चित्रकाराने काढलेला असतो नुसता हसरा चेहरा आणि लावून झालेलं बटण. बोटं कुठे आहेत? काजाच्या कोणत्या बाजूने बटण ढकललंय? तीन वर्षांचं पोर चित्रात नेमकं तेच शोधत असतं. ज्या पुस्तकात हात काम करताना दिसतात, भांडं दोन्ही हातांनी धरलेलं दिसतं, जीभ दातांत धरलेली दिसते, ते चार पैसे जास्त देऊनही घ्यावं.

शेवटच्या पानावर ‘तात्पर्य’ छापलेलं असेल तर त्यावर कागद चिकटवा. गोष्ट चांगली असेल तर तात्पर्याची गरज नाही, आणि गोष्ट वाईट असेल तर तात्पर्याने ती सुधारत नाही.

दोन प्रकारची पुस्तकं मी मुद्दाम बाजूला ठेवते. पहिली ‘शहाणं बाळ’ छापाची. सांगितलेलं ऐकतो, हट्ट करत नाही, मोठ्यांना नमस्कार करतो. हे सगळं असावं, पण त्यात पोराने स्वतःहून काही केलेलं नसतं. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत साधारण तीन ते पाच-सहा हे वय पुढाकार घ्यायचं असतं, आणि पुढाकार घेतल्यावर सारखी बोलणी बसली तर मुलाच्या मनात अपराधीपण मुरतं. ‘शहाणं बाळ’ पुस्तकं नकळत त्या बोलण्यांच्याच बाजूने उभी राहतात.

दुसरा प्रकार पानोपानी ‘तू हुशार आहेस, तू सुपरस्टार आहेस’ सांगणाऱ्या पुस्तकांचा. हल्ली अशी बरीच येतात, चकचकीत असतात, वाढदिवसाला हमखास मिळतात. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर हिरमुसली. मेहनतीचं कौतुक झालेली जास्त वेळ टिकून राहिली. ती मुलं पाचवीच्या वयाची होती, त्यामुळे तीन वर्षांच्या पोराला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. तरी अशा पुस्तकात काम कुठलं नसतंच, नुसती शाबासकी असते, एवढं कारण मला ते बाजूला ठेवायला पुरतं.

वयाचं थोडक्यात. दोनच्या आत जाड पुठ्ठ्याची पानं, कारण पुस्तक तोंडात जाणार. दोन ते तीन : एका पानावर एक कृती, एखादं वाक्य. चार ते सहा : अडचण असलेली पूर्ण गोष्ट, पण पानावर चार ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. मुलगी झाडावर चढतेय आणि मुलगा कणीक मळतोय अशी चित्रं मिळाली तर ती जरूर घ्या. आपल्याकडे पोराला ताट उचलायला सांगितलं तरी आजी हळहळते, तिलाही ते पुस्तक दाखवता येईल.

दुसरी पायरी : पुस्तकं मिळवणं

जिल्ह्याच्या गावाला स्टेशनरीच्या दुकानात बहुतेक रंगीत तक्ते, बाराखडी आणि राजा-राणीच मिळतात. तिथे वेळ घालवू नका. नॅशनल बुक ट्रस्टची, म्हणजे १९५७ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेची, मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. पुस्तक प्रदर्शन लागलं की त्यांचा स्टॉल शोधा. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं जरा महाग वाटतील, पण मुळातच मराठीत विचार करून केलेली आहेत आणि त्यांतली घरं आपल्या ओळखीची वाटतात. प्रथम बुक्सची छापील पुस्तकं हलकी, पातळ आणि खिशाला परवडणारी असतात.

आणि मोबाइल असेल तर प्रथम बुक्सनेच २०१५ साली सुरू केलेलं स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ आहे. मराठी निवडायची, वाचनाची पातळी एक किंवा दोन निवडायची, पुस्तक फुकट उतरवून घ्यायचं. ही पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत. मूळ लेखक आणि चित्रकाराचं नाव ठेवून ती छापता येतात, दुसऱ्या भाषेत करताही येतात. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत कुणी हौशी शिक्षकाने दहा पुस्तकं केली तर त्याला कुणाची परवानगी मागत फिरावं लागणार नाही. शक्यतो छापून घ्या. मोबाइलवर दाखवायला गेलं की तिसऱ्या पानाला फोन येतो, आणि चौथ्याला पोरगं व्हिडिओ मागतं.

गावातलं सार्वजनिक वाचनालय विसरू नका. ‘ब’ किंवा ‘क’ वर्गाची अनुदानित वाचनालयं आपल्याकडे तालुक्यात बरीच आहेत. बालविभागाचं कपाट कुलपात असतं. चावी मागायची. दोन-तीनदा मागितली की ग्रंथपालही पुढच्या खरेदीत चार चित्रपुस्तकं घालतात.

तिसरी पायरी : वेळ

रोज दहा मिनिटं पुरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आई संध्याकाळी दमून येते, तेव्हा तिच्याकडून रात्रीच्या गोष्टीची अपेक्षा धरू नये. आजी किंवा मोठं भावंड वाचेल. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो आणि अकरानंतर घराबाहेर पडता येत नाही. कूलरसमोरची ती दुपार वाचनाला सोन्यासारखी. टीव्ही बंद हवा, एवढीच अट.

चौथी पायरी : वाचायचं कसं

पुस्तक पोराच्या हातात द्या. उलटं धरलं तर धरू द्या, ते स्वतःच सरळ करतं. पानं त्यालाच उलटू द्या, दोन पानं एकदम उलटली तरी. आपण पुस्तक धरून आपणच पान उलटायला लागलो की पोर प्रेक्षक होऊन बसतं.

पहिल्या खेपेला अक्षरं वाचूच नका. नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. ‘हे काय चाललंय?’ एवढंच विचारा आणि थांबा. थांबणं हीच इथली खरी मेहनत आहे. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. दुसऱ्या सेकंदाला आपल्याला राहवत नाही, आपण उत्तर सांगून मोकळे होतो, आणि पोराच्या ओठांवर आलेलं वाक्य परत जातं.

परीक्षा घेऊ नका. ‘हा रंग कोणता? हे किती? इंग्रजीत काय म्हणतात?’ असे प्रश्न घरी पाहुणे आले की आपण विचारतोच, निदान गोष्टीत नकोत. विचारायचं ते असं : आता ती काय करेल? तू असतास तर? तिला राग का आला असेल? ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवलं की गोष्ट वाचताना मोठ्या माणसाने असे मोकळे प्रश्न विचारले, पोराच्या उत्तरात भर घातली आणि हळूहळू सांगण्याचं काम पोराकडे दिलं, की मुलांचं बोलणं चांगलंच सुधारतं. आपल्याला त्यात आणखी एक फायदा आहे. गोष्ट पोर सांगतं, म्हणजे तिचा मालक तेच होतं.

अडचणीचं पान आलं की पुस्तक तिथेच उघडं ठेवून थांबा. पुढचं पान झाका. पारोळ्याकडच्या एका घरात आजी नातीला पुस्तक दाखवत होती. आजी निरक्षर. चित्रात एक मुलगी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होती.

‘हाई पोर काय करी ऱ्हायनी?’ आजीने विचारलं.

‘पानी वती ऱ्हायनी.’

पान उलटलं. पाणी जमिनीवर.

‘सांडाई गयं,’ नात म्हणाली आणि आजीकडे बघायला लागली. घरात पाणी सांडल्यावर काय होतं हे तिला ठाऊक होतं. आजी काहीच बोलली नाही, बोट चित्रावर तसंच ठेवलं.

‘मंग आते?’ थोड्या वेळाने आजीने विचारलं.

‘आते ती पुसी लेई,’ नात म्हणाली. आणि मग, पुस्तकात नसलेलं : ‘आनि परत भरी.’

छापलेल्या मजकुरातला एक शब्दही आजीने वाचला नव्हता. बहिणाबाई चौधरींच्या मुलखात हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या ओव्या लेकाने कागदावर उतरवून घेतल्या म्हणून महाराष्ट्राला कळल्या. तेव्हा आजीला वाचता येत नाही म्हणून पुस्तक तिच्या हातून काढून घेऊ नका. उलट तिच्यासाठी बिनशब्दांची पुस्तकं शोधा. ती मिळतात, आणि त्यांत कुणी काही चुकीचं वाचूच शकत नाही.

घरात जी बोली, तीच गोष्टीची बोली. मजकूर प्रमाण मराठीत असला तरी सांगताना अमळनेर-धुळ्याकडे अहिराणीत सांगा, यावल-रावेरकडे लेवा बोलीत, सातपुड्यात पावरीत किंवा भिलीत. ‘पोराची भाषा बिघडेल’ अशी भीती पालकांना वाटते. बिघडत नाही. ‘मीच करसू’ हे ज्या भाषेत पोराच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, त्या भाषेत गोष्टही असली की ती त्याच्या घरची होते. प्रमाण मराठी पहिलीत येतेच, तिची घाई नाही.

तेच पुस्तक रोज मागितलं तर कंटाळा दाखवू नका. पुढच्या पानावर काय आहे हे आधीच माहीत असणं, ही त्या वयात मोठी कमाई असते. आठवड्याने पोरगं पुस्तक समोर धरून पाठ झालेली गोष्ट घडाघड ‘वाचतं’. बोट भलत्याच ओळीवर असतं. अजिबात दुरुस्त करू नका, उलट शेजारच्या काकूंना बोलावून ऐकवा.

पाचवी पायरी : पुस्तक मिटलं की

आता खरं काम. गोष्टीत जे होतं, ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी पोराच्या हातात द्यायचं. पाण्याची गोष्ट वाचली तर छोटी लोटी द्या, अर्धीच भरलेली, आणि पेला खाली ताटात ठेवा म्हणजे सांडलं तरी ताटात सांडेल. जवळ एक फडकं ठेवा, आणि फडकं कुठे आहे ते आधीच दाखवा. पुस्तकातली पोर पुसते, तर आपलीही पुसेल.

खान्देशातलं घर या बाबतीत फार श्रीमंत आहे. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, कुरडया, नागलीचे पापड वाळत घालायचे असतात : चार वर्षांच्या पोराला वाळलेले बिबडे उलटायला द्या, दोनचार मोडतील. भरितासाठी भाजलेल्या वांग्याची साल गार झाल्यावर सोलायला द्या. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचा लिंबाएवढा गोळा द्या आणि त्याची वाकडीतिकडी भाकरी शेवटी तव्यावर टाका, त्यालाच खायला द्या. वाटाणे, शेंगा सोलणं आहेच. उडदातले खडे काढणं पाच वर्षांच्या पोराला येतं, डोळे त्याचे आपल्यापेक्षा चांगले असतात. चपला ओळीत लावणं, तुळशीला पाणी, कोंबड्यांना दाणे. विळी, चूल, विहीर आणि फवारणीचे डबे यांच्यापासून पोरं लांब. त्यात ‘करून बघू दे’ नाही.

पोर म्हणतं, ‘मले नै येत.’ तेव्हा आपण दोन टोकांना जातो. एक तर ‘येतं रे, कर’ म्हणून दटावतो, नाहीतर ‘आण इकडे’ म्हणून स्वतः करून टाकतो. तिसरी रीत अशी. काम शेवटाकडून शिकवा. सुरुवात तुमची, शेवट पोराचा. शर्टाचं बटण काजातून अर्धं तुम्ही ढकला, पलीकडून ओढून काढायचं काम त्याचं. तेवढं नीट जमायला लागलं की पुढच्या वेळी काजाच्या तोंडाशी आणून सोडा, ढकलणं आणि ओढणं दोन्ही त्याचं. मग काज धरणंही त्याचं. यात प्रत्येक वेळी काम पोराच्या हातून पूर्ण होतं, आणि पूर्ण झाल्याचा आनंदही दरवेळी त्यालाच मिळतो. चपलेचा पट्टा, चादरीची घडी, चेन लावणं, पिशवीची गाठ, सगळ्याला ही रीत चालते. उलट सुरुवात पोराकडून आणि शेवट आपण करायचा, ही आपली नेहमीची सवय. त्यात पोराला रोज एवढंच कळतं की आपलं काम अर्धवट राहतं आणि दुसरं कुणी येऊन ते करतं.

एक कडक नियम स्वतःसाठी : पोराने केलेलं काम त्याच्यासमोर परत करायचं नाही. टॉवेलची घडी वाकडी झाली, तर वाकडीच कपाटात ठेवा. फारच खटकत असेल तर ते झोपल्यावर नीट करा. समोर उलगडून परत घातलेली एक घडी दहा पुस्तकांवर पाणी फिरवते.

बोलायचं काय? पाहिलं ते सांगायचं. ‘पहिल्यांदा सांडलं, मग तू दोन्ही हातांनी धरलंस.’ ‘खडा केवढा बारीक होता, तुला दिसला.’ यात हुशार, गुणी, राजा असे शब्द नाहीत, पण आपलं बारीक लक्ष होतं हे पोराला कळतं. आणि गोष्टीचा धागा जोडून द्या : ‘त्या पुस्तकातल्या पोरीने पण असंच धरलं होतं ना?’ बंडुराच्या पहिल्या आणि दुसऱ्या वाटेची इथे गाठ बसते.

काही पोरं मात्र पुस्तकातल्या पोरीलाच धसकतात. ‘ती करते, मला येत नाही.’ तेव्हा ते पुस्तक महिनाभर बाजूला ठेवा आणि पोराला आधीपासून येणाऱ्या एखाद्या कामाची गोष्ट शोधा. नाही मिळाली तर पुढची पायरी त्यासाठीच आहे.

सहावी पायरी : घरचं पुस्तक

केळीच्या बागेत बापामागे फिरणारं, कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी दळणाला आजीबरोबर गेलेलं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका खेळणारं पोर छापील पुस्तकात सहसा सापडत नाही. म्हणून पुस्तक घरीच करायचं. त्याला एक ए-फोर कागद पुरतो.

कागद आडवा ठेवा. मधोमध लांबीत घडी घाला, उलगडा. मग रुंदीत मधोमध घडी, आणि दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणून आणखी दोन घड्या. उलगडला की वर चार, खाली चार असे आठ चौकोन दिसतील. आता कागद रुंदीत अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून, लांबीतल्या मधल्या घडीवर, वाटेत येणाऱ्या पहिल्या घडीपर्यंत कात्री चालवा. उलगडल्यावर कागदाच्या पोटात दोन चौकोनांएवढी चीर असेल. कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडून अधिकाच्या खुणेसारखा आकार होईल, आणि मग सगळी पानं एका बाजूला वळवली की आठ पानांचं पुस्तक तयार. ना शिवण, ना डिंक.

टिकाऊ हवं असेल तर चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, घडीवर तीन भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा. मधल्या भोकातून सुरू करून मधल्यातच गाठ मारायची. कव्हरला जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालतो. आपल्याकडे त्यांची कमतरता नाही.

आठ पानांत गोष्ट बसते ती अशी. पहिल्या पानावर नाव आणि पोराचं चित्र. दुसऱ्यावर काम काय होतं. तिसऱ्यावर सुरुवात. चौथ्यावर आणि पाचव्यावर बिघडलं ते. सहाव्यावर त्याने काय वेगळं केलं. सातव्यावर झालं. आठव्यावर ते काम कुणाच्या उपयोगी पडलं : बापाने ती भाकरी खाल्ली, कोंबड्यांनी दाणे टिपले. बिघडल्याची दोन पानं गाळू नका. घरच्या पुस्तकात लोक तेवढंच नेमकं गाळतात, कारण आपल्या पोराचं चुकलेलं कागदावर आणायला जीव होत नाही. मग उरतो नुसता कौतुकाचा अल्बम.

वाढदिवस, बक्षीस, जत्रा असे प्रसंग टाळा, त्यांत पोराने काही केलेलं नसतं. याच आठवड्यातलं काम घ्या. चित्र तुम्हाला येत नसलं तर पोरालाच काढू द्या, किंवा मोबाइलवर फोटो काढून झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्या. फोटोत परत तेच : चेहऱ्यापेक्षा हात घ्या. मजकूर पोर सांगेल तसा, त्याच्याच शब्दांत, एका पानाला एक वाक्य. ‘मी बिबडा उलटा कया. तुटी गया. दुसरा हायू धरा.’ असंच लिहा, व्याकरण तपासू नका.

नंदुरबार-धुळ्याची बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, पोरं बरोबर जातात. आठ पानांचं घडीचं पुस्तक कपड्यांच्या गाठोड्यात कुठेही मावतं. निघण्याआधी ताईंनी प्रत्येक पोराबरोबर एक करून दिलं तर तिथे तळावर वाचायला काहीतरी राहील.

अंगणवाडीत

पंचवीस पोरं आणि एक ताई, त्यात वजनं, रजिस्टर आणि मोबाइलवरची नोंद. सगळं जमणार नाही, हे धरूनच चला. वस्तीत जाऊन अंगणातच मुलांना शिकवायची कल्पना ताराबाई मोडकांची. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंवर बालशिक्षण चालवलं. सरकारी अंगणवाडी त्यानंतर, १९७५ साली आली. तेव्हा साहित्य कमी आहे म्हणून अडून राहायला नको.

पोरांना अर्धगोलात बसवा. पुस्तक खांद्याच्या उंचीवर आपल्या कडेला धरा, मजकूर तिरप्या नजरेने वाचा, चित्र पोरांकडे राहू द्या. आठवड्याला एकच पुस्तक घ्या. रोज तेच वाचलं की शनिवारी मोठी पोरं लहानांना सांगायला लागतात. नंतर पुस्तक कपाटात बंद करू नका, भिंतीला पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर दोरी बांधून चिमट्यांनी लटकवा. आणि आहाराच्या वेळी ताटल्या वाटण्याचं काम रोज दोघांना द्या, पाळीने, ज्याला जास्त भीती वाटते त्याला आधी. मदतनीस ताई म्हणतील, वेळ जातो. पहिल्या आठवड्यात जातो.

फाटलं तर

फाटेलच. चिकटपट्टी लावली तर काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद घेऊनच निघते. त्यापेक्षा मैद्याची खळ करा : चमचाभर मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गार करायचा. जुने लोक कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. ते विषारी असतं, पोरं जवळ असताना अजिबात नको. खळ थोडीच करा आणि ताजी वापरा. पतंगाच्या कागदाची पातळ पट्टी फाडून, कापून नव्हे, कारण फाडलेली कड नीट बसते, फाटलेल्या जागी लावा. पट्टी दाबून धरायचं काम ज्याने पुस्तक फाडलं त्याचं. वर जाड पुस्तक ठेवून रात्रभर दाबा. सकाळी ते पान आधी त्यालाच उघडू द्या.